गडद रंगाचे दोन टॉवेल

१४ जुलै २०२५, सोमवार

आज आलेलं : जेलीच्या पट्ट्या, पाकिटं बारा, पुण्याहून. एका पट्टीचे अकराशे चाळीस. पट्टी सोडवायच्या औषधाची बाटली एक, साडेतीनशे. कुरिअरचे दीडशे. दूध अर्धा लिटर. मेथीची जुडी वीस.

बेरीज करताना पेन थांबला. राजकुमार शेंद्र्याहून ड्यूटी करून आला होता. त्याला म्हणाले, "अरे, एका पट्टीत आपला निम्मा किराणा येतो." बूट काढता काढता म्हणतो, "आई, किराणा मानेला चिकटत नाही." बोलणं अगदी बापाचं.

या वहीत आजपर्यंत नुसता खर्च लिहिला. आजपासून यांच्या तब्येतीचंही लिहीन, कारण घरी येणारी सिस्टर विचारते आणि मला ऐनवेळी आठवत नाही.

तर : यांना तंबाखूचं दुखणं. मागल्या वर्षी ऑपरेशन झालं, अर्धा जबडा काढला, मग शेक दिले. खाणं नाकातल्या नळीनं. उन्हाळ्यात मानेला डाव्या बाजूनं गाठ आली, ती फुटली. आता तिथं तळहाताएवढी जखम आहे. मोठे डॉक्टर राजकुमारला म्हणाले, आता दवाखान्यात चकरा मारायची गरज नाही, घरीच सांभाळा. ऐकून मला बरं वाटलं. गरज नाही म्हणजे उतार आहे. फक्त रोज जाळीचा कपडा बदलताना तो मांसाला धरून बसतो, ओढला की पापुद्र्यासकट येतो आणि रक्त पाझरायला लागतं. हे दातावर दात धरतात, म्हणजे जे उरलेत त्यावर. म्हणून ही जेली.

आमचा फ्रिज चैत्रापासून बंद आहे. दुरुस्तीला साडेचार हजार सांगतात, माठ काय वाईट आहे? पट्ट्या थंड ठेवायच्या, म्हणून शेजारच्या मालनबाईच्या फ्रिजमध्ये ठेवल्या, लोणी ठेवायच्या खणात. भिंतीला भिंत लागून आहे, पण दार गल्लीला वळसा घालून. पोरांनी खाऊ समजू नये म्हणून डब्यावर "औषध" लिहिलं.

१७ जुलै, गुरुवार

श्रेया सिस्टरनं पहिली पट्टी लावून दाखवली. पोरगी सव्वीस-सत्तावीसची असेल, स्कूटीवर येते, दर गुरुवारी. पाकिटातून काढली तर शहाळ्यातल्या कोवळ्या मलईसारखी. आरपार दिसतं. रक्ताच्या ओल्या जागेवर ठेवली, बोटांनी दाबून धरली, आणि ती तिथंच बसली. चिकटपट्टी ओल्यावर चिकटत नाही, ही ओल्यालाच धरते. पाझर थांबला. काढायची झाली की बाटलीतलं औषध सोडायचं, थोडं थांबायचं, आपोआप सुटते. ओढाओढ नाही.

हे म्हणाले, "आमच्या वेळेला असं असतं तर." सरकारी दवाखान्यात वॉर्डात नोकरी केली यांनी, सगळी हयात. स्ट्रेचर ओढायचं, ड्रेसिंगला माणूस धरून ठेवायचा. यांची बोली आता फक्त मला कळते, ल आणि र सगळा सारखाच येतो. मी सिस्टरला उलगडून सांगितलं.

ती म्हणाली, "काका, तुम्ही माणसं धरून ठेवायचे?"

हे म्हणाले, "धरूनच ठेवायचो. बाकी कायबी येत नव्हतं."

त्रिशरण-पंचशील घेताना आज बऱ्याच दिवसांनी यांचा हात जोडलेला राहिला, मानेकडं गेला नाही.

२६ जुलै, शनिवार

दुखण्याच्या गोळ्या आणायला मोठ्या दवाखान्यात मी एकटीच गेले. तिथं द्वारकाबाई भेटली. पाचोडची. शेकाच्या वेळी आम्ही एकाच बाकावर महिना काढला. तिच्या मालकाला, बन्सीरावांना, हेच दुखणं, याच बाजूला. गाठ आली आहे, अजून फुटली नाही.

"ताई, लेक मला काय बी सांगत नाय बघा," ती म्हणाली. "डाक्टरशी तोच बोलतो. फोन बी त्याच्याच खिशात. मी विचारलं का म्हणतो, गाठ हाय, जिरंल. आता तुमीच सांगा, जिरंल का?"

मी म्हणाले, "आमच्यांची फुटली तरी आता बरं आहे. जेलीची पट्टी मिळते, रक्त जाग्यावर थांबतं."

"व्हय? लई म्हाग असंल."

किंमत सांगितली तर तिनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "बैलाच्या पायाला बी आमी हळद दाबतो. माणसाला जेली लागती म्हणा आता."

माझ्या डब्यातली भेंडी तिनं न विचारता घेतली, मी तिच्या भाकरीचा तुकडा घेतला. माझं माहेर त्याच तालुक्यातलं. तिथं माझ्या आईच्या ताटातलं त्यांच्यातल्या कुणी घेतलं नसतं. आज हे लिहून ठेवावंसं वाटलं. तिचा पत्ता आणि लेकाचा नंबर घेतला. ती पाचवी शिकलेली आहे, वाचते सावकाश.

९ ऑगस्ट, शनिवार. श्रावण पौर्णिमा

विहारात गेले. पांढरी साडी धुतलेली होती. वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू आहे, आज माझी पाळी होती, दीड पान वाचलं, एकदाही अडखळले नाही. भंतेजी म्हणाले, आवाज स्वच्छ आहे.

जायला मी तयार नव्हते. हे मागंच लागले. "जा. इथं माझ्या तोंडाकडं बघून काय पुण्य लागणार? तोंड तरी कुठं उरलंय." असं बोलतात आणि स्वतःच हसतात.

मनात ठरवलं, वर्षावास संपताना आश्विन पौर्णिमेला चीवरदान होतं, यंदा आपणही काही कापड द्यायचं. नवस नाही. नवस आपल्यात नाही. नुसतं दान. तरी वाटतं, तोवर हे बसून जेवायला लागावेत.

२१ ऑगस्ट, गुरुवार

आज आनंदाची गोष्ट. सकाळी पट्टी पुसताना नीट पाहिलं. ती काचेसारखी असल्यामुळं आतलं दिसतं. जखमेच्या तळाशी एका जागी मांस उडत होतं. टप टप, टप टप, चिमणीच्या पिलाच्या छातीसारखं. आधी तिथं नुसता पिवळा चिखल होता. आता जीव धरला म्हणायचा. मी यांना आरसा आणून दाखवला. यांनी बराच वेळ पाहिलं आणि आरसा उलटा करून गादीवर ठेवला.

"काय म्हणतं मांस?" मी विचारलं.

"चालू आहे म्हणतं."

दुपारी श्रेया आली. तिलाही मीच आधी दाखवलं. ती वाकली, बराच वेळ वाकूनच राहिली. मग म्हणाली, "मावशी, चहा द्याल का?" ही पोरगी कधी चहा घेत नाही, घाईत असते. मी आत गेले. आलं किसताना यांचा आवाज ऐकू येत होता, तिला कळत होता की नाही कोण जाणे. चहा घेऊन आले तर दोघंही गप्प. तिचे डोळे ओले वाटले. स्कूटीवर धूळ फार लागते.

जाताना म्हणाली, "मावशी, दोन मोठे टॉवेल घ्या. गडद रंगाचे. मरून, काळपट, कुठलेही. काकांच्या उशाशी ठेवा, हात घातला की मिळाले पाहिजेत."

पटलं मला. आठ-आठ दिवसांनी नळाला पाणी येतं. पांढऱ्या फडक्यांना साबण लावून लावून बोटं सोलली. गडद कापडावर डाग दिसत नाहीत. लहान वयात संसार समजतो तिला.

२८ ऑगस्ट, गुरुवार

मुकुंदवाडीच्या बाजारातून टॉवेल आणले. दुकानदार तीनशे म्हणाला, मी दोनशे साठवर आणला. चांगले जाड, रुंद, मरून. घरी येऊन उलगडले तर काय रंग! अगदी भंतेजींच्या चीवराचा. हे रक्ताला पुसायचे? जिवावर आलं. जुन्या साडीच्या घड्या आहेत, त्या फाटेपर्यंत पुरतील. टॉवेल घडी करून ट्रंकेत ठेवले, वर डांबरगोळी. आश्विन पौर्णिमेला दान देईन. चीवर नाही तर नाही, भंतेजींना आंघोळीला होतील. रंग त्यांचाच आहे.

श्रेयानं विचारलं, "टॉवेल आणले?" मी आणले म्हणाले. खोटं नव्हतं.

७ सप्टेंबर, रविवार. भाद्रपद पौर्णिमा

यांनी विचारलं, "टॉवेल कुठं आहेत?"

"जपून ठेवलेत."

"जप, जप," म्हणाले आणि हसले. हसताना मान हलते, मला भीती वाटते.

राजकुमार मात्र ताडकन उठला. "आई, काढ ते बाहेर. सिस्टरनं कशाला सांगितलेत?" मी म्हणाले, "घरात बाईमाणूस मी आहे, कुठलं कापड कुठं ठेवायचं मला कळतं." तो बापाकडं बघायला लागला. यांनी हातानं खूण केली, राहू दे. यांच्या दोघांच्यात काहीतरी चाललेलं असतं आणि मी आले की थांबतं. बापलेकाचं आयुष्यात कधी जमलं नाही, आता जमतंय, म्हणून मी विचारत नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी गादीवर रक्त. नेहमीचा काळपट पाझर नाही, लालभडक, ताजं. पट्टीच्या कडेखालून उडालं. लगेच मालनबाईकडं पळाले, पट्टी आणली, दाबून धरली, आणि थांबलं! अकराशे चाळीस वसूल झाले. मी एकटीनं थांबवलं. यांचे हात थंड पडले होते, ते चोळले. मी म्हणाले, "बघा, काही फिकीर नाही आता. पट्टी आहे तोवर कशाचं भय नाही."



शिरा केला. यांना पातळ पाणी नळीनं, पण वास घेतला. राजकुमारनं घासही घेतला नाही, कंपनीत जेवलो म्हणाला. आज तर त्याची सुटी, कुठली कंपनी?

श्रेया आली. मी सगळं कौतुकानं सांगितलं. ती माझ्याजवळ जमिनीवर बसली, माझे दोन्ही हात धरले. "मावशी, तुम्ही खूप छान केलं. पण ऐका. कधी याच्यापेक्षा जास्त आलं ना, तर पट्टी आणायला जाऊ नका. काकांजवळ बसा. टॉवेल लावा, हात धरा आणि मला फोन करा."

मी व्हय म्हणाले. पण लिहिते ते खरं लिहिते. मला राग आला. जास्त आलं तर जास्त गरज पट्टीची. थोड्याला पट्टी आणि जास्तीला हात धरायचा? शिकलेली पोरगी, पण अजून कच्ची आहे.

१८ सप्टेंबर, गुरुवार

मालनबाई खुलताबादला गेली होती, दर्ग्यातून दोरा आणला. "वहिनी, मनाई करू नका. बांधा हाताला." मी म्हणाले, आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं. ती म्हणाली, "मग दोऱ्यानं थोडंच वाचलंय कुठली प्रतिज्ञा घेतली ते!"

हसू आलं. दोरा घेतला. बांधला नाही. टाकवलाही नाही. साखरेच्या डब्यामागं ठेवला. असं का केलं, माझं मला सांगता येत नाही.

यांना सांगितलं तर म्हणाले, "बांध की. सगळ्यांचीच सही असू दे."

२३ सप्टेंबर, मंगळवार

पाऊस थांबत नाही. पाचोडकडं शेतात पाणीच पाणी म्हणतात. द्वारकाबाईच्या लेकाला राजकुमारच्या फोनवरून फोन लावला. त्यानंच उचलला. आईला दे म्हणाले तर म्हणतो, ती रानात आहे, दादा, म्हणजे बन्सीराव, बरे आहेत, गाठ थोडी ओली झाली आहे, तिला काही सांगत बसू नका. ठेवला.

दुपारी विहारात जायची वेळ झाली. आज मी हट्ट धरला, जात नाही. तर हे चिडतील असं वाटलं, चिडले नाहीत. म्हणाले, "बस मग. तुला एक गोष्ट सांगतो."

सांगायला फार वेळ लागला. मध्ये मध्ये लाळ पुसावी लागत होती. वॉर्डातली गोष्ट. एक म्हातारा होता, त्याचं एकदम बिघडलं. सिस्टर डॉक्टरला बोलवायला पळाली. पोरगा औषधाच्या दुकानाकडं पळाला. सून रडत बाहेर पळाली. यांना सांगितलं, ऑक्सिजनची टाकी आण, हेही पळाले. "टाकी घेऊन आलो तर म्हातारा दाराकडं बघत होता, करुणा. बघतच राहिला होता. सगळे त्याच्यासाठीच पळाले, पण त्याला काय दिसलं? रिकामं दार." मग म्हणाले, "तवापासून मी कुठं पळालो नाही. काही आण म्हणाले तर दुसऱ्याला पाठवायचो. मी धरून बसायचो."

मी म्हणाले, "चांगलं केलं."

"तू पळू नको."

"मी कुठं पळते? तुम्हीच रोज विहारात पिटाळता."

हे हसले. मग कितीतरी वेळ माझं मनगट धरून बसले. पकड अजून वॉर्डातली आहे.

२७ सप्टेंबर, शनिवार

आज सकाळी हे गेले.

२ ऑक्टोबर, गुरुवार. विजयादशमी

आज रस्त्यानं सगळी निळी-पांढरी गर्दी. मी दार लावून घेतलं. राजकुमार बाहेर पाहुण्यांजवळ बसला आहे. उद्या जलदान विधी आहे. लिहिलं नाही तर हे डोक्यात फिरत राहील, म्हणून लिहिते.

शनिवारी सकाळी राजकुमारची ड्यूटी होती, तो गेलेला. ऊन पडलं होतं, बऱ्याच दिवसांनी. यांना भिंतीला टेकवून बसवलं, गादीवर पांढरी चादर घातली, कालचीच धुतलेली. मी पण पांढऱ्या साडीत होते, वाचनाची माझी पाळी होती. नळीनं चहा दिला. हे म्हणाले, "आलं जास्त झालं." नळीनं कशी चव कळते हो, मी म्हणाले. म्हणाले, "वासानं."

मी कप विसळायला वळले आणि आवाज आला. नळाची तोटी उडाल्यासारखा. वळून बघितलं तर पट्टी गळून मांडीवर पडली होती, आणि मानेतून धार, भिंतीपर्यंत. यांनी हात पुढं केला होता. जखमेवर ठेवला नव्हता. माझ्याकडं केला होता.

मी पळाले. पट्टी आणायला.

गल्ली ओलांडली, वळसा घातला, मालनबाईचं दार ठोठावलं. ती म्हणाली, "काय झालं वहिनी?" मी फ्रिज उघडला. डबा लोण्याच्या खणात नव्हता, तिच्या सुनेनं खाली सरकवला होता, कोथिंबिरीच्या मागं. तो शोधला. दोन पट्ट्या घेतल्या. दोन घेऊ का तीन, हाही विचार मी केला. तो विचार मी केला.

परत आले तर हे दाराकडं बघत होते.

पट्टी फोडली, दाबली. ती धरतच नव्हती, धारेवर तरंगून बाजूला जात होती. दुसरी लावली. ती चिकटली. तोवर चिकटायला काही उरलं नव्हतं, धारच थांबली होती. पुसायला कापड म्हणून हाताला येईल ते ओढलं : चादर, माझा पदर. सगळं पांढरं. मालनबाई मागून आली, तिनं बघितलं आणि उंबऱ्यातच बसली. त्या पांढऱ्यावरचा रंग मी विसरणार नाही. तेवढंच कापड जर मरून असतं, तर पाण्यासारखं ओलं दिसलं असतं. शेवटी यांनी जे पाहिलं ते तरी ओलं दिसलं असतं.

तेव्हा कळलं, सिस्टरनं टॉवेल कशाला सांगितले होते. साबण वाचवायला नाही.

मालनबाईच्या सुनेनं फोन लावला. श्रेया आली, तिनं यांना पुसलं. मला जवळ घेतलं. एका शब्दानं बोलली नाही की मावशी, टॉवेल कुठं आहेत. बोलली असती तर बरं झालं असतं.

राजकुमारला विचारलं. तो म्हणाला, "डॉक्टर म्हणाले होते, मानेची मोठी नस उघडी पडलीय, कधीही फुटेल. पट्टी पाझराला चालते, त्याला नाही. त्याला काहीच नाही. पप्पा म्हणाले, तिला सांगू नका, ती दिवसभर नसेकडंच बघत बसेल." मी म्हणाले, "मी तर तिच्याकडंच बघत होते. खुशीनं."

त्याला माहीत होतं. श्रेयाला माहीत होतं. यांना सगळ्यांत आधी. घरात एकटी मीच चहा टाकत होते. यांनी किती परीनं सांगायचा प्रयत्न केला, तेही आता एकेक आठवतं. पण गोष्टीत सांगितलं. सरळ सांगितलं असतं, करुणा, असं असं होईल, तेव्हा माझा हात धर, तर मी धरला असता. माझा राग जात नाही. कुणावर आहे तेही कळत नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार. आश्विन पौर्णिमा

चीवरदानाला गेले. ट्रंक उघडली, टॉवेल काढले, पिशवीत घातले, विहाराच्या पायरीपर्यंत नेले. पुढं पाय गेला नाही. न वापरलेली वस्तू दान देतात, हे खरं. पण ही वस्तू वापरायची होती.

पाचशेची नोट दिली आणि टॉवेल घरी परत आणले. भंतेजींनी विचारलं नाही. ग्रंथाचं शेवटचं पान दुसऱ्या बाईनं वाचलं.

पट्ट्या तीन उरल्या. मालनबाईच्या फ्रिजमध्येच आहेत. ती म्हणाली, "वहिनी, न्या ना त्या. लोणी काढायला हात जात नाही माझा."

९ ऑक्टोबर, गुरुवार

आज पोस्टात गेले. स्पीड पोस्टानं पार्सल केलं. राजकुमार म्हणत होता, फोन करू. म्हणाले, फोन तिच्या हातात येत नाही. कागद येईल. पार्सलवर द्वारकाबाईचंच नाव घातलं आणि पोस्टातल्या साहेबाला सांगितलं, पोस्टमनला म्हणावं तिच्याच हातात द्या. पत्राची नक्कल इथं ठेवते.

"सौ. द्वारकाबाईंस, करुणाचा सप्रेम जय भीम.

आमचे हे सत्तावीस तारखेला गेले. तुमच्या कानावर आलं नसेल. बन्सीरावांची गाठ ओली झाली असं तुमचा लेक म्हणाला. म्हणून घाईनं लिहिते.

सोबत जेलीच्या तीन पट्ट्या पाठवत आहे. रोजच्या पाझराला या लई चांगल्या. आमच्यांना दोन महिने या पट्ट्यांनी सुख दिलं, कपडा मांसाला चिकटला नाही, ओढाओढ झाली नाही. पट्टीला मी कधी दोष देणार नाही. कशी लावायची ते कागदावर चित्र काढलं आहे. थंडाव्याला ठेवायच्या, पण शेजाऱ्याच्या घरी नाही. माठाशेजारी चालतील, सिस्टरला विचारून घेतलं.

आता जे लिहिते ते लेकाला दाखवू नका, आधी तुम्ही वाचा. बसून वाचा.

गाठ फुटली आणि जखमेत काही उडताना दिसलं, टप टप, तर जीव धरला असं समजू नका. मी समजले होते. ती मोठी नस असते. त्या दिवशी खालच्या नंबरवर श्रेया सिस्टरला फोन करा. लेकानं फोन दिला नाही तर सरपंचाच्या घरून करा. ती भली पोरगी आहे, पाचोडला येणारी सिस्टर बघून देईल.

एखाद्या वेळी एकदम धार लागेल. लागेलच असं नाही. पण लागली तर तिला पट्टी पुरत नाही, डॉक्टर पुरत नाही, हळद पुरत नाही. तेव्हा काही आणायला जाऊ नका. पाणी आणायला नाही, माणूस बोलवायला नाही. ओरडायचं तर बसल्या जागेवरून ओरडा. सोबत दोन टॉवेल आहेत, मरून रंगाचे, कोरे. मानेला लावा आणि त्यांचा हात धरा. त्यांनी तुमच्याकडं बघितलं तर तुम्ही तिथं दिसला पाहिजेत. बाकी काही करायचं नाही. लई वेळ लागत नाही.

हे मला कुणी असं लिहून दिलं नव्हतं. मी पट्टी आणायला गेले होते.

टॉवेल आजच उशाशी ठेवा. सोवळ्यात ठेवू नका, ट्रंकेत ठेवू नका, पाहुण्याला देऊ नका. नवं कापड वाया जाईल असं मनात येईल, मला आलं होतं. वाया जाऊ द्या.

माझ्या पत्त्याचं कोरं आंतर्देशीय पाकिटात घातलं आहे. जास्त लिहू नका. टॉवेल कुठं ठेवले, एवढंच उलट टपाली कळवा."